पेरेग्रिनची डावी बाजू

नांदेड, ९ जून २०२५

आदिनाथ,

तुझ्या नावाआधी एकही विशेषण लावलेले नाही. बरीच लावून पाहिली, एकही बसले नाही.

चार वर्षांनी तुझा ईमेल आला. त्यात 'तू मजेत असशील' या एका वाक्याखेरीज बाकी सगळे कामाचे होते, हे बरे केलेस. मीही कामाचेच लिहिते. मराठीत आणि शाईने लिहिते, कारण या विषयातले खोटे आजवर फक्त इंग्रजीत बोलले गेले आहे. कागदाचे छायाचित्र आजच पाठवते. मूळ प्रत टपालाने येईल.

तुझे म्हणणे मला समजले ते असे. हॅलडन मोटर्सच्या डेट्रॉईटच्या संग्रहालयात ऑक्टोबरमध्ये 'पेरेग्रिन: सत्तर वर्षे' हे दालन उघडणार. त्या स्पोर्ट्‌स कारची पहिल्या नमुन्यापासून सातव्या पिढीपर्यंतची वाटचाल तिथे मांडली जाणार. सातव्या पिढीचा मातीचा मूळ नमुना स्टुडिओने केव्हाच मोडला. त्यावरून काढलेली पाव मापाची फायबरग्लासची प्रतिकृती एकच उरली आहे आणि ती नांदेडला माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. ती तुम्हाला हवी आहे. सोबत भिंतीवरच्या फलकाचा मजकूर तू 'सहज नजरेखालून घालण्यासाठी' जोडला आहेस.

सहज नजरेखालून घालणे हा प्रकार मला जमत नाही, हे तू विसरलास.

पहिल्या नमुन्याविषयी तू लिहितोस, की भविष्यवेधी दृष्टीमुळे त्याचे अंग फायबरग्लासचे केले. दृष्टी कसली? ही गाडी खपेल यावर कंपनीचा विश्वासच नव्हता, म्हणून पोलादी पत्र्याच्या साच्यांवर खर्च करायला कुणी तयार झाले नाही. अविश्वासातून एक सुंदर गोष्ट जन्माला आली, हे सांगायला लाज कशाची? दुसऱ्या पिढीच्या नमुन्याच्या कुशीवरचे कल्ले, म्हणजे हवेच्या फटी, इंजिन गार ठेवत होते, हेही खोटे. ते बंद होते. त्यांच्यामागे नुसता रंगवलेला काळा पत्रा होता. चौथ्या पिढीवर तू एक शब्द लिहिलेला नाहीस. सुरक्षेच्या नियमांनी त्या गाडीच्या तोंडावर रबराचा जाड ओठ बसवला आणि दहा वर्षे ती ओळखू येईनाशी झाली. कुरूप वर्षे गाळून लिहिलेला इतिहास म्हणजे लग्नाचा अल्बम. आपल्याकडेही एक होता.

या चुका दुरुस्त करशील, याची मला खात्री आहे. खरे भांडण शेवटच्या परिच्छेदाशी आहे. तू लिहितोस: 'सातव्या पिढीच्या मागच्या चाकावरची विख्यात रेषा सूर मारणाऱ्या बहिरी ससाण्याच्या मिटलेल्या पंखांवरून सुचली.'

ती रेषा मी काढली. पेरेग्रिन म्हणजे बहिरी ससाणा असला, तरी ती ससाण्यावरून काढलेली नाही. आमच्या शेंदऱ्यावरून काढली आहे. शेंदऱ्या हा माझ्या वडिलांचा लाल कंधारी बैल. पावसाळी चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना त्याच्या मागच्या मांडीवरचा भरीव भाग, आपण ज्याला पुठ्ठा म्हणतो तो, जसा खाली बसून पुढे गोळा होतो, ती ही रेषा. हे तुला माहीत आहे. पहिले रेखाचित्र काढले तेव्हा तू माझ्या शेजारी होतास आणि 'शेंदऱ्या जोर लावतोय' हे तुझेच शब्द आहेत.

म्हणून माझी अट एकच आहे. फलकावर जे खरे आहे ते लिही. शेंदऱ्याचा उल्लेख आणि माझे नाव आले, तर प्रतिकृती येईल. ससाणा राहिला, तर तुमचा चौथरा रिकामा राहील.

आईला तुझा ईमेल वाचून दाखवला. ती म्हणाली, "जावयाला म्हणावं, तुमची गाडी लई कामाची हाय. उन्हाळ्यात तिच्यावर फडकं टाकून कुरडया वाळवल्या." मी ते फडके काढले आहे. कुरडयांचा उल्लेख फलकावर नसला तरी चालेल.

तनुजा


नांदेड, ४ जुलै २०२५

आदिनाथ,

सुधारित मजकूर मिळाला. फायबरग्लास दुरुस्त केलेस, रबरी ओठही आणलास. आणि शेवटी हे वाक्य: 'ससाण्याच्या झेपेबरोबरच या रेषेत भारतातील पवित्र वृषभाचाही दूरस्थ प्रतिध्वनी ऐकू येतो, असे स्टुडिओतील काही सहकारी मानतात.'

हे वाक्य कुणी लिहिले? तुमच्या जाहिरात विभागातल्या एखाद्या हुशार माणसाने लिहिले असेल तर त्याला क्षमा आहे. तू लिहिले असशील तर नाही.

शेंदऱ्या पवित्र नव्हता. तो ढेकळे तुडवायचा, जुवाखाली हटून बसायचा आणि एकदा त्याने आईची हिरवी नऊवार खाल्ली होती. त्याच्या खांद्याचा प्रतिध्वनी होत नाही, त्याला घट्टे पडतात. आणि 'काही सहकारी' म्हणजे कोण? तो अनेकवचनी सहकारी मीच ना?

संग्रहालयातल्या लोकांना तू सांगितले नसशील, म्हणून इथे लिहून ठेवते. हा कागद त्यांना दाखवलास तरी माझी हरकत नाही.

सहा पिढ्या पेरेग्रिनचे इंजिन पुढे होते. लांब नाक, मागे बसलेला चालक, हे तिचे रूप ठरून गेले होते. सातव्या पिढीत इंजिन चालकाच्या पाठीमागे आले आणि सगळ्यांची पंचाईत झाली. नाक आखूड झाले, वजन मागे गेले. जो तो मागचा भाग हलका दाखवायच्या खटपटीला लागला. कुणी तो कापला, कुणी त्यावर पंख लावले. दीड वर्षात जेवढे नमुने झाले, ते सगळे पाठीवर बोचके घेतलेल्या माणसासारखे दिसत होते. माझे म्हणणे इतकेच होते, की वजन लपवू नका, त्याला कामाला लावा. उभ्या बैलाचे मागचे अंग जड दिसते. तोच बैल जुवाला मान देऊन पुढे झुकला, की त्याच जडपणाचा जोर होतो.

स्टुडिओची रीत तुला सांगायला नको, पण त्यांच्यासाठी लिहिते. पूर्ण मापाचा नमुना मेणमिश्रित माती तापवून, थापून, पोलादी पात्यांनी खरवडून करतात. वेळ वाचावा म्हणून एकाच नमुन्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळे प्रस्ताव घडवतात. मध्ये आरसा उभा केला, की प्रत्येक बाजू पूर्ण गाडी होऊन दिसते. डावी बाजू माझी होती, उजवी तुझी. आपण सहा महिने एकाच गाडीच्या दोन अंगांना काम करत होतो आणि मधल्या आरशामुळे एकमेकांना दिसत नव्हतो.

मी डोळे मिटून तळहाताने माती तपासायचे, त्याची स्टुडिओत चेष्टा व्हायची. ते मला कुठल्या संस्थेने शिकवले नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीला, बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचे काम वडील मला द्यायचे. "डोळे मीट," म्हणायचे. "जू कुठं लागलंय ते डोळ्याला न्हाई दिसत, हाताला दिसतं." पुढे पृष्ठभागांच्या वक्रतेवर मी पीएच.डी. केली, तिचा मार्गदर्शक म्हणून दुसऱ्याच माणसाचे नाव छापले आहे.

व्यवस्थापनाने डावी बाजू निवडली. दुसऱ्या दिवशी कंपनीची फिल्म करणारे लोक आले. प्रमुख तू होतास, बोलायचे तुला होते. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते. त्यांनी विचारले, ही रेषा कुठून आली? तू माझ्याकडे न पाहता म्हणालास, "ससाणा."

घरी जाताना गाडीत आपण काय बोललो, ते माझ्या लक्षात आहे.

"बैल म्हटलं असतं तर हसले असते गं."

"हसले असते."

"तुला कळत नाही. त्या स्टुडिओत आपल्याकडचे आपण दोघंच आहोत. एकदा हसले, की मग प्रत्येक रेषेवर हसतात."

तुझे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते, तेवढे मी मान्य करते. पण तू ज्या हशाला भ्यालास तो कधी झालाच नाही. मी मात्र त्या न झालेल्या हशातून आजवर बाहेर आलेले नाही.

अट तीच आहे.

तनुजा


लातूर, ३० जुलै २०२५

आदिनाथ,

विद्यापीठाच्या कामासाठी लातूरला आहे. काल देवणीला तुझ्या घरी गेले होते. अप्पांनी बोलावले होते. चार वर्षांत तुझ्या वडिलांनी मला एकदाही 'माजी' या अर्थाची हाक मारलेली नाही, आणि ते सूनबाई म्हणून बोलावतात तेव्हा मी जाते. यात तुझा संबंध नाही.

त्यांनी मोबाइलवर तुझी ती जुनी फिल्म पाहिली. फोन करून म्हणाले, "सूनबाई, त्या गाडीचं बाहुलं तुझ्यापाशी हाय म्हणं. घेऊन ये. मला हात लावून बघायचाय."

टेम्पोत गोधड्या अंथरून प्रतिकृती नेली. गोठ्यासमोर बाजेवर ठेवली. अप्पा भोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "पोरगं म्हणतंय ससाणा. अय्यो, ससाण्याला पुठ्ठे कुठं असतेत गं? चिमटीत धरायला मांस न्हाई त्याच्या ढुंगणाला!"

मी म्हटले, "अप्पा, डावीकडे हात लावून पाहा."

त्यांनी मागच्या चाकावरून तळहात फिरवला आणि लगेच म्हणाले, "हा आपला देवणी बैल."

"देवणी नाही, कंधारी आहे. आमचा शेंदऱ्या."

"कंधारीला येवढा पुठ्ठा? कंधारी म्हंजे शेळीचा थोरला भाऊ!"

"आणि देवणी म्हणजे चालती दुधाची चरवी. तिला ओढायला कुणी सांगितलंय?"

"अगं ए! ह्या इशरप्पाच्या दारात उभी राहून देवणीला नावं ठेवतीस?" असे ओरडले आणि लगेच आत वळून, "चहा टाका रे, सूनबाई भांडाया लागली," म्हणाले. आम्ही अर्धा तास भांडलो. मी त्यांना कंधारीच्या बांध्याची मोजमापे सांगितली. त्यांनी एकही मानले नाही. मीही माघार घेतली नाही. माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा याहून सोपी होती.

मग त्यांनी उजवीकडे हात लावला.

तुझ्या बाजूला. आदिनाथ, खरे सांगायचे तर त्या बाजूकडे मी फारसे पाहिलेले नाही. प्रतिकृती भिंतीला लावून ठेवली आहे, ती उजवी बाजू भिंतीकडे करून. हरलेला, गुळगुळीत, निर्जीव पृष्ठभाग, असे माझे त्याच्याविषयी मत होते, आणि माझी मते मी सहसा दुसऱ्यांदा तपासत नाही.

अप्पांचा हात वशिंडाच्या जागेवरून हळूहळू मागे गेला, थांबला, परत पुढे आला. ते बाजेच्या काठावर बसले.

"ही बाजू कुणाची?"

"तुमच्या मुलाची."

"हा तर चांद्या हाय."

मी विचारले, कोण चांद्या? ते म्हणाले, लातूरच्या प्रदर्शनात पहिला आलेला त्यांचा देवणी वळू. तू सातवीत असताना तूच त्याला मैदानात फिरवला होतास. "हा उभा हाय बघ. जू न्हाई मानंवर. चार पाय रोवून, मान उंच करून, लोकानं बघावं म्हणून उभा हाय. कामाचा न्हाई, जत्रंतला हाय. पर काय देखणा होता गं!" मी पाहते तर ते उजव्या पुठ्ठ्यावर थाप देत होते, सावकाश, जनावराला झोप यावी तशी.

घरी जाऊन मी उजवी बाजू भिंतीकडून फिरवीन, डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवीन आणि तुला माझे मत कळवीन, अशी अपेक्षा करू नकोस. ते मी कालच, अप्पांसमोर, केले. अप्पांचे बरोबर आहे.

तेव्हा आता माझा प्रश्न वेगळा आहे. आरशाच्या दोन्ही बाजूंना बैलच होता. तूही सहा महिने तुझ्या वडिलांच्या दारातलेच जनावर घडवत होतास, आणि कॅमेरा समोर आल्यावर दोघांच्याही बैलांना ससाणा करून टाकलास. माझ्याशी खोटे बोललास, हे मी समजत होते. चांद्याशी का बोललास?

अट वाढली आहे. फलकावर आता दोन्ही बैल हवेत.

तनुजा


नांदेड, २३ ऑगस्ट २०२५

आदिनाथ,

माझ्या पत्राला उत्तर म्हणून कंपनीच्या विधी विभागाचे पत्र आले. स्टुडिओत तयार झालेली प्रत्येक वस्तू कंपनीच्या मालकीची असून ती मी विनाविलंब सुपूर्द करावी, अन्यथा इत्यादी. स्टुडिओ असल्या प्रतिकृती भंगारात देतो, हे त्यांना माहीत नसेल. ही प्रतिकृती माझ्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर मला देण्यात आली, हेही माहीत नसेल. तुला माहीत आहे. खोक्याचे दुसरे टोक तू धरले होतेस.

त्यांना कळव: माणसे पाठवा. दार उघडे आहे. दारात आमच्या मातोश्री केवळाबाई बसलेल्या असतात. त्यांना मी ते पत्र मराठीत समजावून सांगितले, तेव्हा म्हणाल्या, "येऊ दे की. ज्याला न्यायचंय त्यानं आधी माझ्या मांडीवरून जावं."

लपवायचा प्रश्नच नव्हता. उलट जिथे सगळे पाहतील अशा ठिकाणी ती मांडायचे मी ठरवले. परवा संध्याकाळी तिला गावी घेऊन गेले आणि काल पोळ्यात उभी केली.

तुमच्याकडे बैलांचा सण जूनमध्ये, कारहुणवीला होऊन जातो. म्हणून अप्पा मोकळे होते. "आमची कारहुणवी झाली, आता तुमचा पोळा कसा फिका असतो ते बघायला आलो," असे म्हणत परवा सकाळीच देवणीहून कंधारला उतरले होते. खांदेमळणीला त्यांनी हट्टाने हळद-लोण्याची वाटी माझ्या हातातून घेतली. मी डावी बाजू चोळली, त्यांनी उजवी. चोळून झाल्यावर बैलांना म्हणतात ते त्यांनी फायबरग्लासच्या त्या तुकड्याच्या कानाशी, म्हणजे कान जिथे असायला हवा होता तिथे, वाकून म्हटले: "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आई पदर तोंडाला लावून हसत होती.

काल दुपारी वेशीत तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहिल्या. रंगवलेली शिंगे, झुली, बाशिंगे. त्यांच्या रांगेत, एका हातगाड्यावर, माझी पेरेग्रिन.

आदिनाथ, लोक हसले. तू ज्याला भीत होतास तो हशा आठ वर्षे उशिरा, डेट्रॉईटऐवजी कंधार तालुक्यात झाला, आणि मी त्याच्या मध्यभागी उभी होते.

"ताई, ह्याचं शेपूट कुठाय?"

"ह्याला पेंड घालता का पेट्रोल?"

"इंग्लिश मिडियमचा बैल हाय बाबा, त्याला मराठीत हाकलू नका!"

भावकीतल्या सिंधुवहिनी ओवाळायचे ताट घेऊन आल्या. त्यांनी विचारले, "कुंकू कुठं लावू गं? कपाळच न्हाई ह्याला!" त्यावर तर बायकाही हसून हसून खाली बसल्या. मी म्हटले, "काचेवर लावा." त्यांनी लावले.

याच वेळी अप्पांनी तुला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट असणार, तुझा चेहरा तसाच होता. त्यांनी फोन गर्दीकडे वळवला आणि ओरडून म्हणाले, "बघ, हसायलेत लोक. लई हसायलेत. काय झालं? मेलो का आम्ही?"

तू एवढेच म्हणालास, "अप्पा, उजवीकडे हळद कमी झाली आहे." बरोबर होते. कमीच झाली होती.

कॉल बंद झाल्यावर जे घडले ते तू पाहिले नाहीस, आणि हे पत्र मी त्यासाठीच लिहिते आहे.

वाजंत्री सुरू झाली, बैल हलले, वेशीत गर्दी दाटली. आमच्या शेजारच्या ग्यानोबाचा एक बैल पुढे निघून गेला आणि ग्यानोबाला घाईने तिकडे जायचे होते. वाटेत माझा हातगाडा आडवा होता. ग्यानोबाचे लक्ष पूर्णपणे त्याच्या बैलाकडे होते. त्याने न पाहता पेरेग्रिनच्या डाव्या पुठ्ठ्यावर तळहात टेकवला, जरासा दाब दिला आणि म्हणाला, "सर, सर रे."

जनावराला बाजूला करायला आपल्याकडे जसा हात ठेवतात, तसा. त्याच जागी. आणि ते सरेल म्हणून क्षणभर थांबला.

मग त्याच्या ध्यानात आले. लोकांच्याही आले. पुन्हा हशा उसळला, आधीच्यापेक्षा मोठा. "ग्यानोबा, हाप्‌ म्हण, सरतंय बघ!" ग्यानोबा लाजून पळाला.

मी हसले नाही. हवेच्या बोगद्यात, संगणकावर, व्यवस्थापनाच्या सभेत माझे काम पुष्कळदा तपासले गेले आहे. काल ते खऱ्या अर्थाने तपासले गेले. ज्याने तपासले त्याला आपण काही तपासतो आहोत हेसुद्धा ठाऊक नव्हते.

आता तुमच्या फलकावर काय लिहिता, यावर ही रेषा कशाची आहे हे अवलंबून नाही. यापुढे माझी अट तुझ्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. मला तुमची भिंत नको. तुला ती हवी असेल, तर तिच्यावर खरे लिही.

तनुजा


नांदेड, १८ सप्टेंबर २०२५

आदिनाथ,

तुझे पत्र मिळाले. कागदावर, मराठीत, टपालाने. अक्षर बिघडले आहे. सराव ठेव.

ससाणा काढल्याशिवाय दालनाच्या मजकुरावर सही करणार नाही, असे तू सभेत सांगितलेस आणि दोन बैलांची गोष्ट उभे राहून सांगितलीस, हे वाचले. सगळे हसले, हेही वाचले. संग्रहालयाच्या संचालिकाबाईंना हसू आवरेना आणि पाणी प्यावे लागले, हे तू जरा लांबण लावून लिहिले आहेस. हसू दे. त्यानंतर त्यांनी विचारले, की यातला तुझा बैल कोणता, आणि तू त्यांना चांद्याचे छायाचित्र दाखवलेस. ते छायाचित्र तुझ्या पाकिटात इतकी वर्षे होते, हे मला ठाऊक नव्हते. दहा वर्षांच्या संसारात तुझे पाकीट मी कधी उघडले नाही. ती माझी पद्धत नव्हती.

नवा मजकूर पाहिला. 'डावी बाजू: तनुजा. लाल कंधारी बैल शेंदऱ्या, जुवाखाली. नांदेड. उजवी बाजू: आदिनाथ. देवणी वळू चांद्या, प्रदर्शनाच्या मैदानात. लातूर. व्यवस्थापनाने डावी बाजू निवडली.' एकही विशेषण नाही. हा तू लिहिलेला सर्वांत चांगला मजकूर आहे. अप्पांना वाचून दाखवला. ते म्हणाले, डावीसुद्धा देवणीच आहे आणि ते अमेरिकेला तसे कळवणार आहेत. सांभाळून घे.

प्रतिकृती सोमवारी निघेल. लाकडी खोके उदगीरच्या सुताराने केले आहे, त्याच्यापुढे मी तीन वेळा उभी राहिले, आता ते ठीक आहे. उघडताना वरून उघड. तिला मध्ये आरसा लावायचा नाही. दोन्ही बाजू दिसतील अशी दालनाच्या मधोमध ठेव. लोकांनी भोवती फिरावे. एका बाजूची गाडी बाजारात जाते. नमुन्याला दोन बाजू असतात.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत तू जे विचारले आहेस, त्याचे उत्तर या पत्रात नाही. ते शोधत बसू नकोस. आईने मात्र पत्र ऐकताना तेवढीच ओळ दोनदा वाचायला लावली आणि मग विचारले, "दिवाळीला म्हंजे नरकचतुर्दशीला का पाडव्याला?" मी सांगितले, मला माहीत नाही.

शेवटची सूचना. प्रतिकृतीवर पोळ्याची हळद तशीच आहे. डावीकडे माझ्या हाताची आहे, उजवीकडे अप्पांच्या. सिंधुवहिनींचे कुंकू काचेवर आहे. तुमच्याकडे अशा वस्तू पांढरे हातमोजे घालून, औषधाने पुसून, चकचकीत करून मांडायची रीत आहे, मला माहीत आहे. तिथल्या माणसांना पत्र दाखव, नाहीतर स्वतः पहाऱ्याला उभा राहा.

हळद पुसायची नाही. कुणी विचारले, हे पिवळे काय आहे, तर सांग.

तनुजा